बंदीच्या बाजूनं

आचलनं पाचवीत ‘मोबाइल शाप आहे’ म्हणून तालुक्यात पहिला नंबर काढला आणि सहावीत ‘मोबाइल वरदान आहे’ म्हणून जिल्ह्यात. परीक्षक दोन्ही वेळी तेच होते. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, आचललाही नाही. आपल्याकडे बोलणाऱ्या पोराला तुझं म्हणणं काय, असं कोण विचारतं? आवाज खणखणीत हवा, हातवारे हवेत आणि पाच मिनिटांत संपायला हवं. तिचे वडील अमोलराव अकोल्याच्या जुन्या शहरात बी-बियाण्यांचं दुकान चालवायचे. तिथल्या फळीवर लेकीच्या ढाली इतक्या झाल्या होत्या की गणपतीला कोपऱ्यात सरकावं लागलं होतं.

दहावीत नीलम मॅडम आल्या. अमरावतीच्या, तासिकेवर नेमलेल्या. म्हणजे तासागणिक पगार आणि शाळेची मर्जी असेल तोवर नोकरी. त्यांनी प्रकल्प दिला: बंदी आलेली पुस्तकं. जोडीनं एक पुस्तक शोधायचं, बंदी का आली ते खणून काढायचं, मग चिठ्ठ्या उचलून एकीनं बंदीच्या बाजूनं आणि दुसरीनं बंदीविरुद्ध बोलायचं.

“पण मॅडम, आमाले काय वाटते ते?” मागून कोणीतरी विचारलं.

“ते नंतर,” मॅडम म्हणाल्या. “आधी दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघा.”

ते नंतर काही आलं नाही.

आचलच्या जोडीला प्रियदर्शनी होती. सहावीपासून दोघी एका बाकावर, एका डब्यात. प्रियदर्शनीचे वडील धर्मपाल एसटीत कंडक्टर. बाकीच्या जोड्यांनी इंटरनेटवरून परदेशातली पुस्तकं उचलली. प्रियदर्शनीनं आजीच्या पेटीतून एक पुस्तक काढून आणलं. नाव ‘कडूनिंबाखालचा आड’. सत्तर पानं, कव्हर कधीच गेलेलं, शिवणीला पांढरा दोरा. पन्नास वर्षांपूर्वी एका शाळामास्तरानं पदरचे पैसे घालून छापलेलं.

त्यात आजीच्या, म्हणजे पार्बताबाईंच्या, माहेरच्या गावाची हकीकत होती. छप्पन साली तिथल्या वस्तीनं धम्म घेतला आणि मिनतवारीचं पाणी नको म्हणून स्वतःचा आड खोदला. पुढच्या उन्हाळ्यात त्या आडात मेलेलं कुत्रं टाकलं गेलं. हगवण लागून दोन लेकरं गेली. मास्तरानं लेकरांची नावं लिहिली आणि कुत्रं टाकणाऱ्या चौघांचीही लिहिली. पुढं सरकारनं ‘शांततेस बाधा’ म्हणून सापडतील त्या साऱ्या प्रती जप्त केल्या. दोघी मैत्रिणी दोन शनिवार ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली उलटत शिंकत बसल्या, तेव्हा कुठं जप्तीची चार ओळींची बातमी सापडली.

त्या दोन लेकरांतला एक पार्बताबाईंचा धाकटा भाऊ. श्रावण, वय पाच. त्याचा फोटो नव्हता, जन्माची नोंद नव्हती. साऱ्या जगात त्याचं नाव एकाच जागी छापलेलं होतं, त्या पुस्तकाच्या एकेचाळिसाव्या पानावर. पेटीतून पुस्तक देताना पार्बताबाईंनी नातीला तीनदा बजावलं होतं, “वापस आनजो, बाई.”

चिठ्ठीत आचलला बंदीची बाजू आली. तिचं डोकंच चालेना.

“मले मुद्दाच सापडून नाई राह्यला,” मधल्या सुट्टीत ती म्हणाली. “लेकरं मारली त्यायनं, अन् बंदी पुस्तकावर काहून पायजे?”

प्रियदर्शनीनं हातातला पोळीचा घास डब्यात परत ठेवला. मग म्हणाली, “आजी सांगते, पुस्तक आलं अन् मार आमच्याच लोकायले पडला. नावं मास्तरानं लिवली, वावरातलं काम आमचं बंद झालं. हे घे तू. याचं उत्तर मलेबी नाई येत.”

आपल्याच विरुद्धचा सगळ्यात जड मुद्दा तिनं मैत्रिणीच्या हातात दिला. इतकी साधी पोरगी.

वादविवादाच्या दिवशी प्रियदर्शनी कागदात बघत, अडखळत बोलली. पण एकेचाळिसावं पान तिनं न अडखळता वाचलं. मग तिनं ती चार नावं वाचली. त्यातल्या दोघांचं आडनाव वर्गात सात जणांचं होतं. आचलचंही.

नंतर आचल उठली. “ज्या पुस्तकानं मेलेल्यांना न्याय मिळत नाही आणि जिवंतांच्या पोटावर मात्र पाय येतो,” तिनं आवाज खाली आणला, “ते पुस्तक हवंय कुणाला?” टाळ्या थांबेनात. दोन मतांनी ती जिंकली. प्रियदर्शनीनंही टाळ्या वाजवल्या. पुस्तक मॅडमनी दुसऱ्या तुकडीला दाखवायला कपाटात ठेवून घेतलं.

दोघींची भाषणं आचलच्या मोबाइलवर होती. प्रियदर्शनीकडे मोबाइल नव्हता आणि आजीला नातीचं बोलणं बघायचं होतं, म्हणून आचलनं तिचंही चित्रीकरण केलं होतं. अमोलरावांनी रिवाजाप्रमाणे लेकीचं भाषण स्टेटसला टाकलं. घंटाभरात फोन सुरू झाले. पोरगी जबरदस्त बोलते, पण हे उत्तर कोणाले देऊन राह्यली?

“त्या पोरीचंबी पाठव,” अमोलराव म्हणाले.

आचलचं बोट थांबलं. त्यात ती नावं होती, हे तिला ठाऊक होतं. आणि समोरचीचं भाषण बघितल्याशिवाय आपण काय जिंकलो ते लोकांना कळणार नाही, हेही तिला ठाऊक होतं. तिनं पाठवलं. का पाठवलं, ते पुढं तिनं स्वतःशी कबूल केलं, दुसऱ्या कोणाशी कधीच नाही.

अमोलरावांनी तेही स्टेटसला टाकलं आणि तिसऱ्या दिवशी शाळेत चाळीस माणसं आली. पुढं आचलच्याच समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष पंजाबराव. आमच्या आजोबायची नावं पोरीयच्या तोंडून बदनाम करता काय, असा सवाल. नीलम मॅडम सांगत राहिल्या की चिठ्ठ्या होत्या, अभ्यास होता, दोन्ही बाजू होत्या. तासिकेवरच्या बाईचं कोण ऐकतं? उद्यापासून येऊ नका, असं त्यांना तिथंच सांगितलं. मुख्याध्यापक उत्तमराव सर पोलिसांना बोलवायला धजले नाहीत, कारण जप्त झालेलं पुस्तक शाळेच्या कपाटात आलं कसं, हे पोलिसांनी आधी त्यांनाच विचारलं असतं. त्यांनी ते मुकाट्यानं पंजाबरावांच्या हवाली केलं आणि हात झटकले. मग धर्मपालना बोलावलं. “दहावीचं वर्ष आहे, पोरीच्या भल्यासाठी सांगतो,” सर म्हणाले. “दाखला घेऊन जा.”

पोरीचं भलं करायचं असलं की आपल्याकडे आधी तिलाच घालवतात.

संध्याकाळी आचल प्रियदर्शनीच्या घरी गेली. रडणं, भांडण, शिव्या, सगळ्याची तयारी करून गेली होती. तसं काही झालं नाही.

“दाखल्याचं बाबा पाहून घेतीन,” प्रियदर्शनी म्हणाली. “तू फक्त खरं सांग. चिठ्ठी निघाली म्हून आपण बोललो. अन् पुस्तक आजीचं हाये, वापस द्या म्हणा. तुह्यं ऐकतीन ते.”

मंडळानं आचलचा सत्कार ठेवला होता, अमरावतीला, रविवारी सकाळी. “तिथंच सांगतो,” आचल म्हणाली. “सगळ्यायच्या समोर सांगतो.” आणि तिला खरंच सांगायचं होतं. त्या क्षणी तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं.

रविवारी अमरावतीचं मंगल कार्यालय भरलेलं होतं. शाल झाली, नारळ झाला, मोठी ढाल झाली. गाडीत अकोल्यापासून ती एकच वाक्य घोकत आली होती. माइकसमोर उभी राहिली आणि “सन्माननीय व्यासपीठ” आपसूक बाहेर पडलं. पहिल्या रांगेत अमोलराव मोबाइल उंच धरून बसले होते, डोळे भरलेले. समोर तीनशे माणसं, सगळी मायेनं बघणारी. घोकलेलं वाक्य घशापर्यंत आलं आणि आचलला जन्मात पहिल्यांदा माइकची भीती वाटली. मग तिनं जे पाठ होतं ते म्हटलं. आवाज नेमक्या जागी खाली आणला. वर्गात जमलं नव्हतं इतकं चांगलं जमलं.

टाळ्या ओसरल्यावर पंजाबरावांनी ते पांढऱ्या दोऱ्याचं पुस्तक वर धरलं. “आता तूच सांग, बाई. याचं काय कराव? तू म्हणशीन तसं.”

इतकी वर्षं ती बोलत होती, पण तू काय म्हणतेस असं कोणी विचारल्याची ही पहिलीच वेळ. याचं उत्तर कुठं पाठ केलेलं नव्हतं. ‘वापस द्या’, एवढंच म्हणायचं होतं. पंजाबराव काही राक्षस नव्हते. तिनं म्हटलं असतं तर कदाचित दिलंही असतं. ते तिला कधीच कळणार नव्हतं.

“ठेवू नका,” आचल म्हणाली.

मागच्या अंगणात जेवणाच्या भट्ट्या पेटल्या होत्या. आचाऱ्यानं कढई जरा बाजूला केली. सत्तर पानं, तीही सुकलेली. वेळ लागला नाही. फोटो मात्र काढू नका, असं पंजाबरावांनी सगळ्यांना शहाणपणानं सांगितलं. मग पंगत बसली. आचलला भूक नव्हती, पण आग्रह झाला. तिनं दोन जिलब्या खाल्ल्या.

सोमवारी शाळेच्या फाटकाशी एक म्हातारी उभी होती. पांढरं लुगडं, हातात कापडी पिशवी.

“तू आचल नं?” पार्बताबाई म्हणाल्या. “प्रियदर्शनीनं फोटो दाखवला होता तुह्या. सर म्हणतात, पुस्तक आमच्यापाशी नाई. कोनापाशी हाये तेबी सांगत नाईत. तुले कोनी नाई म्हनत नाई म्हने.” त्यांनी आचलचा हात धरला. “अख्खं पुस्तक नसतीन देत तं राहू दे, बाई. त्यायले म्हना, ठेवा तुमच्यापाशी. तेवढं एक पान फाडून आनजो. श्रावनचं.”

जळालं, एवढा एक शब्द होता. ती म्हातारीच्या डोळ्यांत बघत राहिली.

“हाये आजी, पुस्तक हाये,” ती म्हणाली. “पंजाबराव काकाच्या कपाटात हाये. म्या सोताच्या डोयानं पाह्यलं. पानबी चांगलं हाये, जसंच्या तसं. बुधवारी आणून देतो.”

आवाज कुठंही कापला नाही. जिथं थांबायचं तिथं ती थांबली, शेवटच्या शब्दावर थोडी हसलीही. पार्बताबाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्यांनी तिच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलाशी बोटं मोडली, ‘बुधवार, बुधवार’ असं दोनदा पुटपुटून पाहिलं आणि ऑटोच्या दिशेनं चालू लागल्या.