मायनं धुतलेले शिंपले

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी माझे दगड झालेले शिंपले घासूनपुसून चकचकीत झाले होते. आणि सगळे एकाच टोपल्यात होते.

"कसे दिसून राह्यले?" मायनं हसून विचारलं.

माय तलावात मासोळ्या, शिंपले धरते. आमच्याकडे चिखलाचा शिंपला पाहुण्यापुढे ठेवत नाहीत, मग तालुक्याच्या प्रदर्शनात कसा जाईल?

गडचांदूरकडे मामाच्या गावी नाल्याच्या काठाला मातीचे दोन थर दिसतात. खाली राखाडी गाळ, वर रेती. दोन्हींतले शिंपले मी वेगवेगळ्या डब्यांत, मातीसकट आणले होते. कोणते शिंपले कोणत्या मातीत सापडतात आणि काऊन, हेच तर दाखवायचं होतं. यंदा पहिल्यांदा मी स्वतः हात वर करून नाव दिलं होतं!

"मस्त," मी म्हणाले.

"मग तोंड काऊन पाडलंस, आचल?"

सांगावं लागलं. माय खाली बसली आणि एकेक शिंपला बोटांनी चाचपू लागली.

"हा पाह्य. दोन्ही फाका मिटलेल्या, आत अजून गाळ आहे. चिखलात जागीच मेला का असाच राह्यते. यायच्यात पोरंसोरंही आहेत, पूरं घरदारच." मग दुसरा ढीग. "अन् ह्या सुट्या फाका. काठ झिजलेले, साऱ्या एकाच मापाच्या. सांडव्याखाली पाणी आणून टाकते तशा. रेतीतल्या असतील."

मी दोन ताटल्या भरल्या. एक शिंपला उरला, मिटलेला, पण आत रेती.

"हा मले नाई समजत," माय म्हणाली. "उगाच खोटं नको सांगू."

त्याला तिसरी ताटली मिळाली.

प्रदर्शनात परीक्षक सरांनी पहिलंच विचारलं, "यांची माती कुठे गेली?"

"मायनं धुतली," मी म्हणाले. सगळे हसले. मी थांबले नाही. मिटलेल्या शिंपल्यातला गाळ सुईनं काढून दाखवला, झिजलेले काठ दाखवले, सगळं सांगितलं.

"आणि हा तिसरा?"

"तो आम्हा दोघींना नाही समजला."

"दोघी म्हणजे?"

मी दाराकडे बोट केलं. माय तिथे उभी होती, घासून सोललेली बोटं पदरात लपवून.

सरांनी तो शिंपला उचलून तिच्यापुढे धरला. "बाई, तुम्हाला काय वाटते?"

मायनं आधी पदराला हात पुसले, मगच तो घेतला.