पाटीवर उरलेला पाय

शाळेतल्या पाटीचं बरं असतं मित्रांनो, ती निदान कोरडी तरी राहते. मी पाण्याखाली लिहायची पाटी आहे, आता जुनी झालेली. अंग पांढऱ्या प्लास्टिकचं, कोपऱ्याला दोरी आणि दोरीला शिसपेन्सिल.

माझ्या ताई समुद्रात बुडी मारून कोळ्यासारख्या लांब पायांचे चिमुकले खेकडे ओळखायच्या. नखाएवढा जीव, पण महालबाड! अंगावर शेवाळ खोवून बसायचा. कॅमेऱ्यात नुसतं शेवाळच यायचं. म्हणून ताई त्याची शिंगं आणि पाठीवरचे काटे बघून माझ्यावर चित्र काढत. वर आल्यावर ते वहीत उतरवायचं आणि मगच मला पुसायचं, हा त्यांचा नेम. "हिच्याशिवाय माझं पान हलत नाही," असं त्या म्हणाल्या, की माझ्या प्लास्टिकच्या अंगावरही मूठभर मांस चढे.

मग हे खेकडे राहत तो खडक फोडून बोटींसाठी धक्का बांधायचं ठरलं. दुर्मिळ जीव दाखवा, काम थांबवू, असं बंदराच्या साहेबांनी ताईंना सांगितलं. मुदत पंधरा दिवसांची. सहा काट्यांचा खेकडा नेहमीचा, सात काट्यांचा दुर्मिळ. अकराव्या दिवशी तो सापडला. ताईंनी पेन्सिल दाबून दाबून त्याचं नेमकं चित्र माझ्यावर काढलं.

होडीवर येताच ताई काकडत कपडे बदलायला आत गेल्या. होडी चालवणारा त्यांचा धाकटा भाऊ मदतीला धावला.

"ताई, तुझी पाटी घासून लख्ख केली बघ! किती मळली होती."

ताई बाहेर आल्या आणि मला डोळ्यांजवळ धरून उलटसुलट पाहू लागल्या.

"आठवत असेल ना गं? काढ की परत," भाऊ रडवेला होऊन म्हणाला.

"काटे सहा होते की सात, आता छातीठोक नाही सांगता येत. अंदाजाने लिहून मी सही करणार नाही."

सात होते, ताई! मी जिवाच्या आकांताने ओरडत होते, पण पाटीला तोंड कुठलं?

तोवर अंधारून आलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी समुद्र खवळला. तो निवण्याआधी मुदत संपली आणि यंत्रं आली. नंतर ताई एकदाच मला घेऊन खाली गेल्या. गाळात स्वतःचा हातही दिसेना. माझ्यावर एक रेघही न ओढता त्या वर आल्या. पुन्हा कधी बुडी मारली नाही.

मित्रांनो, मदत जरूर करा, पण दुसऱ्याचं लिहिलेलं पुसण्याआधी एकदा विचारा. मी आता होडीतल्या खिळ्याला टांगलेली असते. त्या दिवशी पेन्सिल फार दाबली गेली होती, तिथे खेकड्याचा एक पाय अजून उमटलेला आहे. भाऊ अधूनमधून त्यावरून बोट फिरवतो. एका पायावरून खेकडा ओळखता येत नाही.