एक पाहुणा फुकट

सनीने फोन स्पीकरवर टाकून टीपॉयवर ठेवला आणि पाकिटातून कार्ड काढलं. काळं, जाड, खाली पडलं की पत्र्यासारखं वाजणारं. वर्षाची फी आजच बिलात लागली होती. ती माफ वगैरे करून घ्यायची नव्हती त्याला. कार्डच बंद करायचं होतं.

"सर, कारण सांगू शकाल का?" बँकेची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "तुम्हाला एअरपोर्टवर लाउंज फ्री आहे, सोबत एक गेस्टही फ्री."

"तेच नकोय. किळस आलीय मला त्या लाउंजची."

समोर फरशीवर त्याची आई, कस्तुरा, मेथी निवडत बसली होती. खिडकीपाशी पेपर वाचणाऱ्या वडिलांनी, अण्णासाहेबांनी, चष्म्यावरून पाहिलं.

"एवढं काय वाईट होतं रे तिथं? मला तर आत जायलाच मिळालं नाही."

खरंच मिळालं नव्हतं. गेल्या महिन्यात तिघं दीक्षाभूमीला निघाले होते, म्हाताऱ्यांचा पहिलाच विमानप्रवास. कार्डावर एकच पाहुणा फुकट, म्हणून अण्णासाहेब "तुम्ही जा, मला कशाला" म्हणत मांडीवर डबा घेऊन बाहेरच बसले आणि सनी आईला आत घेऊन गेला. आत काय तो तमाशा! चांगली शिकलीसवरलेली, इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं जन्मात अन्न न पाहिल्यासारखी तुटून पडली होती. प्लेटमध्ये डोंगर रचायचा, दोन घास खायचे, उरलेल्यात तोंड पुसलेला कागद खुपसायचा आणि पुन्हा रांगेत उभं राहायचं. अर्धवट खाल्लेला डोसा सांबारात फुगून पडला होता, कुणी तर खिरीतच चहाची पुडी पिळून टाकली होती.  सनी कोपऱ्यातल्या मशीनवर कॉफी आणायला गेला.

कस्तुराने भोसरीच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये अर्धं आयुष्य काढलेलं. तिचे हात कुठले गप्प बसतात? बसायला जागा करायची म्हणून तिने टेबलावरचं खरकटं एका प्लेटमध्ये निपटलं, बाकीच्या प्लेटा एकावर एक रचल्या. अंगावर विहारात जायची पांढरी साडी होती. तेवढ्यात शेजारून जाणाऱ्या एका गृहस्थाने फोनवर बोलता बोलता आपली प्लेट तिच्या हातात दिली. तिच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. वर बोटाने खूण केली, टेबल पूस म्हणून. आणि कस्तुराने पुसलं.

घरी आल्यावर हा विषय कुणीच काढला नव्हता.

"लायकीच नाही लोकांची," सनी फोनकडे वाकून म्हणाला. "बंद करून टाका."

"ठीक आहे सर. कन्फर्म करण्यासाठी एकदा फक्त हो म्हणा."

"ऱ्हाऊ दे की ते," कस्तुरा म्हणाली.

"का? तुला आवडलं होतं तिथं?"

"आवडायचं काय त्यात. वंगाळ माणसं हायेत." तिने दुसरी जुडी ओढली. "पण कार्डावर कशाला राग काढतोस? कॉफीच्या मशीनकडं तोंड करून कार्ड उभं नव्हतं. कप भरून सांडत होता, तरी तू वळला न्हाईस."

सनीची कानशिलं तापली. आईने पाहिलं नाही, असं त्याने स्वतःला पटवलं होतं. महिनाभर तो त्या माणसाला, त्या लाउंजला, बँकेला मनातल्या मनात शिव्या घालत होता. आता त्याला स्वतःचीच शिसारी आली, आणि ती कुणाच्या खात्यावर टाकायची सोय राहिली नाही.

"कसलं मशीन? काय झालं होतं?" अण्णासाहेबांनी पेपर खाली ठेवला.

 कस्तुराने मेथीच्या काड्यांचं ताट सनीपुढे धरलं.

"हे टाकून ये."

"सर, लाइनवर आहात ना?"

सनीने फोन कट केला. ताट हातात घेतलं, पण जागचा उठला नाही.

"पप्पा," तो म्हणाला, "तिथं एकाने आईच्या हातात खरकटी प्लेट दिली. ते आमच्या ऑफिसचे साहेब होते. नंतर मला भेटले. एकटाच चाललास का, म्हणून विचारलं." त्याने ताटातल्या काड्या उगाच एका बाजूला सारल्या. "मी हो म्हणालो."