दारामागचा वरवंटा

पाटा घराबाहेर काढायला मला अख्खी सकाळ लागली. उचलायचा प्रश्नच नव्हता. जमिनीवर गोणपाट अंथरलं, भिंतीला टेकवलेला पाटा कमरेने रेटून त्याच्यावर आडवा पाडला, दोन मनगटांत धरून वरवंटा वर ठेवला आणि गोणपाटाची टोकं हाताला गुंडाळून बसल्या बसल्या ओढायला लागले. एक हिसका, मग दम, मग पुन्हा हिसका. बोटांनी काही धरायचं म्हणजे आता विसरायचंच. हीच मी, ह्याच पाट्यावर गणपतीत अख्ख्या भावकीच्या जेवणाचं खोबऱ्याचं वाटप वाटायची, आणि वाटता वाटता जावांशी भांडायचीही.

हा खटाटोप कशासाठी, तर मला माझ्या घरात राहायचं होतं म्हणून.

शिमग्यात मी पडले. फळीवरून काही काढायला हात वर जात नाही, म्हणून बरण्या खाली मांडून ठेवल्या होत्या. त्यातल्या एकीला पाय लागला. हाड मोडलं नाही, पण शेजारच्या राहीने तेवढ्यात लोट्याला फोन केला, आणि तिथे कारखान्यात असलेला माझा मुलगा स्वरूप रात्रपाळी संपवून तसाच गाडीत बसून आला. राही वाईट नाही. हाकेला ओ देते, माझ्या डब्यांची झाकणं उघडून देते. पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. मला शिंक आली तरी माझ्या सुनेला, दर्शनाला, ती माझ्याआधी कळते.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी हाताचे आणि गुडघ्यांचे फोटो उजेडात धरून बघितले. म्हणाले, "सोनूबाई, हा संधिवात काही माघारी जायचा नाही. पायात येईल असं घरात काही ठेवू नका. हात वर करावा लागेल असंही काही ठेवू नका." स्वरूपने ते बरोबर धरलं. घरी आल्यावर म्हणाला, "आये, एक काम कर. घर आवर. लागंल तेवढंच ठेव, बाकी सगळं काढ. मे महिन्यात येतंय तेव्हा बघंन. तुला जमतंय असं वाटलं तर इथंच रव्ह. नायतर सरळ लोट्याला चल."

मुलगा वाईट नाही हो. पण लोट्याला त्याच्या दोन खोल्या आहेत त्या दुसऱ्या मजल्यावर, आणि तो जिना एकदा चढले की मी उतरणार ती चौघांच्या खांद्यावरून. पंधरा दिवस तिथे राहून आलेय मी. खिडकीत बसायचं आणि कंपनीच्या बसगाड्या येताना-जाताना बघायच्या. दर्शना हातात ताट देते, जेवून झालं की हातातलं ताट घेते. चांगली वागते, पण दिवसभर मी पाहुणी आणि आजारी. इथे निदान चूल माझी, म्हणजे आता गॅस, पण माझा. म्हणून मी आवरायला घेतलं.

आवरायला घेतलं म्हणजे काय केलं, तर जे उचलवत नाही ते घालवलं. दुसरा नियम नव्हता. तांब्याचा हंडा मालगुंडच्या भाचीला दिला. जातं धाकू सुताराने नेलं, त्याला अंगणात बसायला काहीतरी हवं होतं. घावनांचं बीड, तो जाड ओतीव तवा, ह्यांनी गोदीत नोकरीला असताना मुंबईहून आणलं होतं, एसटीत मांडीवर घेऊन. ते भंगारवाल्याने वजनावर नेलं, आणि वर मला म्हणतो, "आजी, गंज चढलाय." मी म्हटलं, "मलापण चढलाय, मलापण घाल तराजूत." तो हसला. मी विनोद केला नव्हता.

आडाळी, माझी विळी, दिली त्या दिवशी मात्र मला जेवण गेलं नाही. आडाळीवर बसले की मला कुणी उठवू शकत नसे, नारळ खोव, मासे काप, पोराला ओरड, सगळं तिच्यावर बसूनच. आता राही मला खोबरं खोवून डब्यात आणून देते, झाकण सैल लावून. मी तोंडभर तिला चांगलं म्हणते आणि मनात रडते.

लोक म्हणतात, पसारा गेला की मन हलकं होतं. माझं काही झालं नाही. घर तेवढं मोठं मोठं होत गेलं. खोकले तर खोकला भिंतीवरून परत यायचा.

तर तो पाट्याचा दिवस. पाटा राहीनेच मागून घेतला होता. "काकी, टाकू नको गो, मी नेतंय," म्हणाली. मला वाटलं, वाटेल त्याच्यावर काहीतरी. पुढे तिने तो मोरीत पालथा घातला आणि आता त्यावर कपडे आपटते. तो आवाज माझ्या स्वयंपाकघरात येतो. बोलणार काय? दिलं ते दिलं.

ओढत ओढत पुढच्या दाराशी आणला. ऊन येतं म्हणून दार लोटून घेतलेलं होतं. शेवटच्या हिसक्याला वरवंटा पाट्यावरून घरंगळला आणि दारामागे गेला. तिथली एक लादी कधीची खचलीय, तिच्या खळग्यात जाऊन बसला. मी दार आत ओढते तर दार ढिम्म. पुन्हा ओढलं. नाहीच. स्वतःच्या घरात स्वतःच कोंडून घेतलं म्हणून मी आधी स्वतःला चार शिव्या घातल्या, आणि मग एकदम गप्प झाले. माझ्या डोक्यात काय आलं ते सांगायचं तर आधी त्या दाराचं सांगायला हवं.

त्या दाराची कडी वर आहे, चौकटीजवळ. लोखंडी, खाऱ्या हवेने आवळलेली. ती घालायला हात डोक्याच्या वर जायला हवा आणि बोटांत जोर हवा. माझ्याकडे दोन्ही नाही. दिवाळीपासून मी कडी घातलेली नव्हती. नुसतं दार लोटून पडायचे. चोराची भीती नाही, माझ्याकडे नेण्यासारखं आहे काय? पण राहीचा कुत्रा बिबट्याने पडवीतून उचलला, सकाळी नुसती साखळी होती. तेव्हापासून वाऱ्याने दार हललं की मी उठून बसायची आणि उजाडायची वाट बघायची. खाली हाताशी नवी कडी ठोकून घ्यावी, तर वाडीत सुतार एकच, धाकू. तो राहीला सांगणार, राही दर्शनाला, दर्शना स्वरूपला. ज्या बाईला स्वतःच्या घराचं दार लावता येत नाही तिला त्या घरात कोण राहू देईल? मी स्वरूपच्या जागी असते तर मीही दिलं नसतं.

म्हणून पाटा गेला आणि वरवंटा राहिला. संध्याकाळी दार लोटायचं, पायाने वरवंटा लोळवत नेऊन खळग्यात बसवायचा. गुडघा बोंब मारायचा, पण जमत होतं. सकाळी पुन्हा पायानेच बाहेर काढून भिंतीकडेला लावायचा. त्या दिवसापासून मी रात्रीची झोपायला लागले. इतके महिने आपण झोपलोच नव्हतो हे मला तेव्हा कळलं.

मे महिन्यात स्वरूप आला. पिशवी ठेवली आणि सगळ्या खोल्यांतून फिरला. माजघरात मधोमध उभा राहून त्याने लहानपणी विहिरीत मारायचा तशी हाक मारली, "आये!" आवाज घुमला. तो हसला, पण त्याचे डोळे काही हसले नाहीत.

"सगळंच काढलंस गो," म्हणाला.

"तूच म्हणालास ना?"

"व्हय, म्हणालो." भिंतीवर हंड्याचा गोल डाग होता, त्याच्यावर त्याने हात फिरवला.

मी चहा ठेवला. हलकं भांडं, दोन्ही तळव्यांत दाबून धरलं आणि गाळला. एक थेंब सांडला नाही. तो माझ्या हातांकडे बघत होता आणि मी त्याच्या तोंडाकडे. लहान असताना तो पाढे म्हणताना असाच माझ्या तोंडाकडे बघायचा.

"जमतंय तुला," शेवटी म्हणाला.

"जमतंय तर!"

"मग रव्ह इथंच. मी काय बोलणार नाय." कप खाली ठेवून म्हणाला, "आये, दर्शनाला पाचवा लागलाय. तुला समोर बसून सांगायचं म्हणून फोनवर बोललो नाय."

राहीलाही माहीत नव्हतं ते मला आधी कळलं. मला इतका आनंद झाला की मी उठायला गेले आणि गुडघ्याने खाली बसवलं. त्याच्या डोक्यावर हात ठेवला, बोटं सरळ होत नाहीत म्हणून मुठीनेच. त्या रात्री त्याने कडी घातली. जाता जाता, हात वर करून, बोलता बोलता. टक्क आवाज झाला. एवढंच असतं ते काम.

सकाळी निघताना पिशवी घ्यायला वळला आणि त्याचा अंगठा वरवंट्यावर आपटला. कळवळला. वाकून बघितलं आणि भडकलाच.

"ह्यो काय? पाटा दिलास तर ह्यो कशाला ठेवलास? आणि तोपण वाटेत! डॉक्टर काय म्हणाले? ह्याच्यावरनंच पडशील एक दिवस."

खरं माझ्या तोंडात आलं होतं. दार लागत नाही रे मला, एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर त्याने पिशवी खाली ठेवली असती, माझी चार लुगडी गाठोड्यात बांधली असती आणि दुपारच्या गाडीने मी तो जिना चढले असते. आवरलेल्या घराला कुलूप लावायला वेळ तरी काय लागतो? मी जिभेवरचं गिळलं.

"तुझ्या बारशाला पाळण्यात पहिला ह्यालाच निजवलेला," मी म्हटलं. "कुंची घालून. मग तुला. म्हणून नाय द्यायला झाला."

खोटं नव्हतं ते. आमच्यात सगळ्यांकडेच असं करतात, पाळण्यात आधी वरवंटा, मग मूल. पण ठेवला होता तो त्याच्यासाठी नाही, आणि हे मला माहीत होतं.

स्वरूप खाली बसला. अंगठा विसरला. त्याने वरवंटा उचलला, एका हाताने, नारळ उचलावा तसा. मला हेवा वाटला, पोटच्या पोराचा. त्याने तो उलटसुलट करून बघितला आणि त्याचे डोळे भरले.

"आये, मी नेतंय ह्याला."

"कुठं?"

"लोट्याला. तिथं सगळ्यांकडं मिक्सर. आमच्या बारशाला ह्योच ठेवूया पाळण्यात. जो मला ठेवला, तोच."

"अजून लई वेळ हाय रे. बारशाला येताना मी आणीन."

"तू आणशील? उचलंल तुला?" चिडून नाही, प्रेमाने विचारलं त्याने. "आणि तुझ्या पायातलं पण जाईल. आता मला काय काळजी नाय बघ."

त्याने टॉवेल काढला, वरवंटा त्यात गुंडाळला, डोकं बाहेर राहील असा, आणि पिशवीत कपड्यांच्या वर निजवला. बारशाला मला न्यायला गाडी करून येईन म्हणाला. जिना उचलून चढवीन म्हणाला. मी हो हो म्हटलं. पाया पडला आणि गेला. पाणंदीच्या वळणापर्यंत पिशवी जपून धरून चालला होता.

दिवसभर मी त्या दाराकडे बघितलं नाही. दिवेलागणीला बघावंच लागलं.

दार लोटलं. प्लॅस्टिकची बादली खळग्याशी ठेवून तांब्याने भरली, तर दार हलवल्यावर बादली लादीवरून सरकली आणि पाणी सांडलं. पाण्यात पाय ठेवायचीही चोरी. पुसायला वाकले, तिथेच बसले थोडा वेळ. राहीकडून पाटा परत मागावा, तर ती विचारणार कशाला. आणि आणून लावणार कोण? घरभर नजर फिरवली. हलकी भांडी, हलके डबे, हलकी चादर. जड जड म्हणून एकेक मीच ओढत बाहेर काढलं होतं. ह्या घरात दाराला लावण्यासारखी एक वस्तू मी ठेवली नव्हती, आणि जी ठेवली होती तीही खोटं बोलून घालवली. मला रडू आलं आणि रागही आला. राग कुणाचा ते कळेना, म्हणून जास्तच आला.

बाहेर अंधार पडायला लागला. राहीने नवीन पिल्लू आणलंय, त्याला तिने घरात घेतलं आणि कडी घातली. आवाज ऐकू आला.

मी खुर्ची ढकलत आणली. प्लॅस्टिकचीच, वाऱ्याने उडेल अशी. दाराला पाठ लावून ठेवली आणि तिच्यात बसले. तेवढ्यात फोन वाजला. तळव्याने दाबून उचलला.

"आये, पोचलो. दर्शनाने वरवंटा देवाजवळ ठेवलाय, कुंकू लावून. तिला लई आवडलं." मागे तिचं हसणं ऐकू आलं. "तू जेवलीस? दार लावलंस?"

वाऱ्याने दार मागून जरासं ढकललं. मी पाठ घट्ट टेकवली.

"लावलं," म्हटलं.

"कडी घातलीस नीट?"

"घातली रे बाबा. झोप तू."

फोन मांडीवर ठेवला. घरात जड असं एकच काही उरलं होतं, आणि ते दाराला लावून झालं होतं.