मी वाकते, म्हणून काच बसते

मित्रांनो, घरच्या माणसाची चहाडी करू नये म्हणतात, पण मारोतरावांचं वागणं पाहून मला गप्प बसवत नाही. पेटीत हात घालायचा आणि हाताला लागेल ते हत्यार उचलायचं! पाहायचं नाही, चाचपायचं नाही.

मी एक जुनी लांबी भरायची पट्टी आहे. लांबी म्हणजे खडूची पूड जवसाच्या तेलात मळून केलेला गोळा. खिडकीची काच चौकटीत तोच धरून ठेवतो, आणि त्याला जागेवर बसवते मी. भाकर उलटायचं उलथनं नव्हे!

पांढरकवड्याच्या उकंडा लोहारानं मला मोडक्या करवतीच्या पात्यातून घडवलं. त्याच दिवशी ट्रकच्या तुटक्या पोलादी कमानपाट्यातून त्यानं माझी जोडीदारीण काढली, तिचं नाव जाडी. दोघींची रुंदी एक, मूठही एकाच सागवानी दांडीची. पण ती ताठ आणि धारेची. जुना रंग, वाळलेली लांबी खरवडणं तिचं काम. मी पातळ, बोथट, लवचीक. तळहातावर दाबा, मी वाकते. सोडा, सरळ होते. तिला दाबलंत तर तुमचाच हात वाकेल.

आमची मालकीण सत्यभामाबाई. नवरा गेल्यावर खिडक्यांचं काम तिनं हाती घेतलं आणि नावं ठेवणाऱ्यांची तोंडं बंद केली. काम संपलं की ती मला तेलाच्या चिंधीनं पुसायची. तिचे धाकटे दीर मारोतराव मात्र मला न पुसता, लांबीसकट पेटीत फेकायचे. एका पावसाळ्यात तर मी गंजून लाल झाले होते!

१९६१ ची खंडेनवमी आली. हत्यारांची पूजा, म्हणून मारोतराव धारेच्या दगडापाशी बसले. जाडीला धार लावून झाली आणि त्यांनी मला उचललं. मित्रांनो, मला धार लागली की मी संपलेच! धारेची पट्टी लांबी कापत जाते, दाबून बसवत नाही.

"थांबा भाऊजी! तिले कायले घासून राह्यले?" सत्यभामाबाई कडाडली.

"वयनी, बोथट हत्यार देवापुढं ठेवू काय? दोनी सारख्याच तं हायेत."

"मागून पाह्यलं तं तुमी अन् आपला बैलही सारखेच दिसता. म्हून नांगराले तुमाले जुंपू काय?"

मी वाचले, पण मारोतराव फुगले. तेव्हा धर्मशाळेला काचा बसवायचं काम चालू होतं. त्या पाण्याला टिकल्या, तर नव्या शाळेच्या साऱ्या खिडक्या आमच्याच, असं दोन्ही बांधकामं पाहणाऱ्या सदाशिवरावांनी कबूल केलं होतं. आणि या गड्यानं रागाच्या भरात, कुणाला न सांगता, एका खिडकीची लांबी जाडीनं भरली!

काचा बसवून झाल्यावर सदाशिवरावांनी बादलीनं पाणी मारवलं. माझ्या खिडक्या आतून कोरड्या ठणठणीत. त्या एकीतून मात्र धार लागली.

"सत्यभामाबाई, हे काय होय? शाळेत असं झालं तं पोरं भिजतीन!"

मारोतरावांचा चेहरा उतरला. सत्यभामाबाईनं पदर खोचला. "बसा दादा, चहा घ्या. तवरक होते. भाऊजी, खरवडाची पट्टी द्या."

मारोतरावांनी पेटीत हात घातला. पण या वेळी थांबले. एक पट्टी तळहातावर दाबून पाहिली, मग दुसरी. आणि जाडी पुढे केली. जाडीनं ओबडधोबड लांबी झटक्यात साफ केली. मग माझी पाळी! मी अशी वाकले, अशी सरकले, की नव्या लांबीचा तिरपा उतार आरशासारखा गुळगुळीत झाला. पुन्हा पाणी मारलं. आत एक थेंब नाही!

"शाळा तुमची," सदाशिवराव म्हणाले.

हत्याराला पुसून ठेवा, मित्रांनो, आणि उचलण्याआधी त्याला ओळखा; एवढंच मागणं.

सत्यभामाबाईनं मला चिंधीनं पुसलं, दिराकडे पाहिलं आणि साऱ्यांसमोर ठणकावलं, "आज तुमच्या हाताले अक्कल आली, भाऊजी. आता हळूहळू डोक्याकडं चढू द्या!"