दिवाळसणाची मडगार्डं

कडेगावच्या नाथाजीला देवानं सगळं भरभरून दिलं होतं. उसाचं रान दिलं, पैलवानी अंग दिलं, झुपकेदार मिशा दिल्या. पण तोंडात शब्द घालायची वेळ आली तेव्हा देवाचा हात आखडला. एकच शब्द काय तो घातला, 'चालंल'. भाकरी वाढू का भात? चालंल. कुळव आज धरायचा का उद्या? चालंल. आता असल्या माणसाचं कुणाशी भांडण कशाला होतंय! पण झालं. बायकोशीच झालं आणि तेही ह्याच शब्दावरून.

त्याचं असं झालं, की कुंडलला मुलगी बघायला गेल्यावर चुलत्यानं त्याला सगळ्यांदेखत विचारलं, "काय रं, पोरगी पसंत हाय का?" नाथाजी म्हणाला, "चालंल." बनुबाईनं दाराआडून ते ऐकलं. लग्न झालं, ती नांदायला आली, पण तो शब्द काही तिच्या मनातून जाईना. "म्या काय बाजारातली म्हस हाय व्हय, चालंल म्हनायला?" हे ती उठताबसता ऐकवायची. खरं म्हणजे त्या दिवशी तिला बघून नाथाजीचा घसाच कोरडा पडला होता आणि नको तोच शब्द बाहेर आला होता. पण एवढं सांगायचं तरी चार शब्द लागतातच की, ते आणायचे कुठून?

त्यात पहिला दिवाळसण आला. सासरे आकाराम हौशी गडी. जावयाला सायकल द्यायची असं त्यांनी लग्नातच बोलून ठेवलं होतं. पण जर्मनची लढाई नुकतीच संपलेली, बाजारात अख्खी सायकल डोळ्याला दिसत नव्हती. मग सांगाडा एकीकडून, चाकं दुसरीकडून, हँडल मिरजेहून, असं करत सांगलीच्या अण्णांच्या दुकानात सायकल जुळवायला टाकली. सगळं बसलं, मडगार्डं तेवढी राहिली. ती पाव्हण्यांच्या पसंतीची घ्यायची, असा आकारामांचा हट्ट.

सणाला दोघं कुंडलला आली. सांगलीला जायच्या दिवशी सकाळी अंघोळीचं पाणी काढून देताना बनुबाईनं नवऱ्याला बजावलं, "आवं, आज दुकानात चालंल म्हनून आलासा, तर मी कडेगावला येत न्हाई. हितंच ऱ्हाईन शिमग्यापतोर."

बनुबाई बोलेल ते करणारी होती. पंचमीला ती माहेरी आली होती तेव्हा कडेगावचं घर नाथाजीला खायला उठलं होतं. आता शिमग्यापर्यंत म्हणजे वेडच लागायची पाळी. तसाच बिचारा सासऱ्याबरोबर गाडीत बसला.

दुकानात अण्णांनी दोन जोड पुढे ठेवले. एक निकेलचा, चकचकीत, तोंड दिसावं असा, पण आखूड. दुसरा काळा, रुंद, मागच्या बाजूनं चांगला खालपर्यंत उतरलेला.

"ही चकचकीत म्हणजे आताची फॅशन," अण्णा म्हणाले. "पुण्याची तरुण मंडळी हीच लावतात. काळी आमचे म्हातारे मास्तर नेतात."

"मग चकचकीतच की! काय पाव्हणं?" आकाराम म्हणाले.

"चाल..." नाथाजीनं जीभ चावली.

"चाल काय?"

"चाल... चालवून बघू का?"

"आवं, मडगार्ड चालवून बघत्यात व्हय?"

अण्णा पोट धरधरून हसले. नाथाजी कानापर्यंत लाल झाला. काहीतरी करायचं म्हणून त्यानं निकेलचं मडगार्ड मागच्या चाकावर धरून पाहिलं. ते कॅरिअरच्या खालीच संपत होतं. तिथून खाली चाक सगळं उघडं. ओढ्यातून सायकल निघाली की चिखल उडणार तो थेट कॅरिअरवर. आणि कॅरिअरवर कोण असणार? नाथाजीच्या डोळ्यांपुढं बनुबाई आली, दिवाळीचं हिरवं लुगडं नेसलेली.

"मला ही काळी पायजेत," तो म्हणाला.

"आवं पाव्हणं, काय तरीच! जावयाला काळी मडगार्डं दिली म्हनून गाव माझ्या तोंडात श्यान घालंल."

"काळीच. न्हाईतर सायकल ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं."

आकाराम बघतच राहिले. नाथाजीला तर आपलाच आवाज ओळखू येईना. कपाळावरचा घाम पुसत तो बाकावर बसला, आणि अण्णांनी काळी मडगार्डं बसवली.

दुपारच्या गाडीनं सायकल कुंडलला आली. अंगणात लीलाबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तिला हळदकुंकू लावलं आणि मडगार्डाकडं बघून नाक मुरडलं. "चकचकीत न्हाई व्हय मिळाली?"

"म्या तीच घेत हुतो," आकाराम म्हणाले. "पर पाव्हणं अडून बसलं."

"कोन? ह्ये अडून बसलं?" दारातनं बनुबाईचा आवाज आला.

आता थोरामोठ्यांसमोर नवराबायकोनं एकमेकांशी बोलायची रीत नव्हती. म्हणून ती आईकडं वळली. "आये, इचार की त्यास्नी, येवढी लांब कशापायी घेतली?"

"आत्याबाई, सांगा, वड्यात अजून चिखल हाय," नाथाजीही सासूलाच म्हणाला.

"मग चिखल कुनाच्या अंगावर उडतुय म्हनावं? ह्ये तर म्होरं बसनार."

लीलाबाईंची मान इकडून तिकडं फिरून दुखायला लागली. तेवढ्यात नाथाजीची रीतभात सुटली. तो सरळ बनुबाईकडं बघून म्हणाला, "तुझ्या अंगावर! मागं तू बसनार हाईस. ह्ये लुगडं तुला लय शोभतंय, त्येच्यावर चिखलाचा थेंब पडल्याला मला खपायचा न्हाई. आन् त्या दिशी तू मला पसंत हुतीस. लय पसंत हुतीस. घसा कोरडा पडला हुता माझा, दुसरं काय न्हाई."

असलं बोलणं त्या अंगणात आजवर कुणी ऐकलं नव्हतं. आकाराम खोकले आणि टायरमधली हवा दाबून बघायला लागले. बनुबाईनं मान खाली घातली, पण हट्ट कसला सोडतेय! "आये, सांग त्यास्नी, येते का ऱ्हाते, त्येचा इच्यार करून सांगते म्हनावं."

"आता गं बया! इच्यार कसला करतीस?" लीलाबाई म्हणाल्या. "गठुडं तर सकाळीच बांधून ठेवलंयस, पाव्हणं सांगलीला जायच्या आदी. लाडवाचा डबासुदीक घातलायस त्यात!"

"आये!" बनुबाई ओरडली आणि पदरात तोंड लपवून आत पळाली.

आपण दुकानात 'चालंल' म्हणून आलो असतो, तरी ती येणारच होती, हे नाथाजीच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. शिरलं, तसा तो सासूसासऱ्यांच्या देखतच खो खो हसत सुटला.