अर्धी गादी

सीताबाईच्या तोंडाला नारपोलीत कुणी लागत नसे. पण त्या सकाळी गादीवर हात ठेवला नि तिची वाचाच बसली. गादी गरम होती. भर थंडीचे दिवस, पत्र्याची खोली, रात्रभर दाराला बाहेरून कुलूप. आणि गादी कशी, आत्ता कुणी उठून गेल्यासारखी!

या गादीवर तिचे दोन भाडेकरू झोपायचे, पाळीपाळीनं. जोखन दिवसा कापडाचा लूम चालवी नि रात्री झोपे. रामसुमेर रात्रपाळी करून आला की जोखन उठे. दोघंही उत्तरेकडचे. आठवड्यापूर्वी जोखन लूमवरच छातीत कळ येऊन गेला. गावी म्हातारी आई, तिला येणं कुठलं जमायला! रामसुमेरनंच अग्नी दिला.

"मावशी, रोज अशीच असते," रामसुमेर म्हणाला. "मैं आता हूँ, तब वो उठता है."

"मेल्या, आधी न्हाय सांगायचं?" सीताबाई ओरडली. आपल्या घरात मेलेला माणूस घोटाळतोय या धास्तीनं तिला अन्न गोड लागेना. बिचारा गावासाठी तळमळत असणार, दुसरं काय! दहाव्याला त्याला वाटेला लावायचंच, असं तिनं ठरवलं.

दहाव्याला कामवारी नदीच्या काठी रामसुमेरनं पिंड ठेवला. कावळे झाडावरच. कावळा शिवत नाही म्हणजे मेलेल्याची इच्छा राहिलेली. ती पुरी करायचा शब्द द्यावा लागतो.

"तुझी हाडं गावच्या नदीत सोडू रं," सीताबाई म्हणाली. कावळे ढिम्म. "तुझ्या आयशीला मी फोन करत जाईन." तरी ढिम्म.

रामसुमेरनं हात जोडले. "भैया, घर जाओ. अम्मा राह देखती है." एक कावळा उतरला, पिंडाभोवती फिरला नि परत उडाला.

ऊन चढलं तशी सीताबाई भडकली. "अरं, मग पायजे तरी काय तुला? इतकी वर्सं राहिलास, कधी तोंड उघडून काय मागितलं न्हाईस! गावाला जायचं न्हाय? हितंच रहायचं हाय का?"

कावळा खालच्या फांदीवर आला. सीताबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. शब्द द्यावा तर हा कायमचा घरात. न द्यावा तर उपाशी माघारी.

"बरं बाबा," ती कशीबशी म्हणाली. "तुझी जागा कुणाला देणार न्हाय. रहा."

शब्द पुरा व्हायच्या आत कावळ्यानं पिंडाला चोच मारली.

मग रामसुमेरनं खाली मान घालून हळूच विचारलं, "मावशी, मेरे बाद... मेरी भी जगह रखोगी?"

"अरं मेल्या, जितेपणी मागायचं असतं रं!" सीताबाई म्हणाली, नि डोळ्यांना पदर लावून तिथंच मटकन बसली.